टाकी खाली आहे

"टाकी खाली आहे," एवढंच मी म्हणालो होतो, आणि टाकी खरोखरच खाली होती. खोटं मी त्यानंतर बोललो. यंदा हिवाळ्यात नागपूर, काटोल करून परतलो तेव्हा वाचनालयातल्या मंडळींनी आग्रह धरला की संत्र्यांच्या दिवसांत जाऊन आलात, तर प्रवासाचं काही लिहा. लिहायला बसलो, पण ही एक गोष्ट बाजूला ठेवून नागपूरचं काहीच मला लिहिता येईना. म्हणून आधी तीच सांगतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस फवारणीचे पंप विकण्याच्या नोकरीवर मी सांगलीहून नागपूरला गेलो. काटोलच्या बागांतून फिरायचं म्हणून एक जुनी मोटारसायकल घेतली. तिला गळतीचा रोग होता. टाकीच्या तळाशी पेट्रोल चालू-बंद करायची पितळी तोटी असते, तिला कॉक म्हणतात. त्यातलं बुचाचं वॉशर सुकून आक्रसलं होतं आणि पेट्रोल ठिबकत राहायचं. शिवाय कार्बोरेटर भरून वाहायचा. त्याच्या आत एक पोकळ पितळी डबी पेट्रोलवर तरंगत असते. पातळी चढली की ती वर उचलली जाते आणि पेट्रोल अडतं. ती डबी फुटली, की तिच्यातच पेट्रोल शिरतं, ती बुडते आणि अडवणारं कोणी राहत नाही.

इतवारी बाजाराच्या टोकाला, विणकरांच्या वस्तीच्या तोंडाशी दशरथ मिस्त्रींचं दुकान होतं. मी गाडी तिथं नेली. दशरथभाऊ माझ्याच वयाचे, विणकराचे चिरंजीव, बडबडे, थोडी फुशारकी मारणारे. "टाकी काढा अन् खाली करून ठेवा," असं मला सांगून ते पितळी डबी घेऊन आत झाळायला बसले. मी टाकी काढली आणि उंबऱ्याबाहेर फरशीवर खाली ठेवली. आतून, माझ्याकडे पाठ करून, हातात झाळकामाची बत्ती घेऊन त्यांनी विचारलं, "साहेब, टाकी खाली हाये ना?" मी म्हणालो, "हो, खाली आहे."

आमच्याकडे खाली म्हणजे जमिनीवर. तिकडे हिंदीच्या शेजारामुळे खाली म्हणजे रिकामी. जमिनीवरच्याला ते खालतं म्हणतात. मी नागपुरात नवा होतो. त्या कॉकमधून पेट्रोल ठिबकत होतं, फरशीचा उतार दुकानाच्या आत होता, आणि त्यांनी बत्ती पेटवली. भडका उडाला आणि त्यांचे हात, तोंड भाजलं.

इथवरची चूक अजाणतेपणी झाली. पुढची तशी नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात दशरथभाऊंचे वडील माझ्याजवळ आले. टोपी हातात धरलेली होती. ते म्हणाले, "साहेब, पोरगं म्हनते का त्यानं तुमाले इचारलं होतं. तुमी खाली हाये म्हनले, मंग त्यानं बत्ती लावली. खरं हाये का जी?" त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि त्याच क्षणी काय घडलं ते मला कळलं. नोकरी जाईल, पोलीस येतील, हेही त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, "नाही बाबा. मला त्यांनी काही विचारलं नाही." ते मान हलवून आत गेले. पुढे लवकरच मी बदली मागून घेतली.

सीताबर्डी

स्टेशनातून बाहेर पडलो तर उन्हातही हवा बोचरी होती. सीताबर्डीला एका लॉजवर खोली घेतली. सरळ इतवारीला जायचं असं गाडीत ठरवलं होतं, पण गेलो नाही. दिवसभर बर्डीवर हिंडलो. दुकानं वाढली आहेत. रस्त्यावर आता नव्या, हलक्या, जपानी धाटणीच्या मोटारसायकली दिसतात. जुन्या जड गाड्या दूधवाल्यांकडे आणि खेड्यांकडे गेल्या आहेत.

त्याच सकाळी चौकातल्या गाडीवर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू. तिथं हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग असलेला रस्सा वर ओततात. त्याला तर्री म्हणतात. डोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाल्यानं विचारलं, "सांभार टाकू का जी?" मी नको म्हणालो, पोह्यांवर आणखी सांबार कशाला? शेजारचा माणूस हसला. सांभार म्हणजे तिकडे कोथिंबीर. इतकी वर्षं लोटली, तरी मी त्या गावात पुन्हा शब्दालाच फसलो. इतरांना ती गंमत होती. मी बशी तशीच ठेवून उठलो.

संध्याकाळी रिक्षावाल्यानं मला दवाखान्यावरून नेलं. व्हरांडे तसेच आहेत. कठड्याला टेकून कुणाकुणाचे नातेवाईक उभे होते. मी मान दुसरीकडे वळवली.

काटोल

दुसऱ्या दिवशीही इतवारीला जाण्याऐवजी मी काटोलची एसटी धरली. पंपांच्या वेळेपासून ओळखीचे बागायतदार बळीरामजी तिथं आहेत, त्यांना भेटायचं ही सबब होती. खरं म्हणजे इतवारी जेवढी लांबवता येईल तेवढी मी लांबवत होतो.

आंबिया बहाराची तोड चालू होती. बाजारात संत्र्यांचे ढीग, व्यापारी, गवत भरलेली खोकी आणि तो वास. सालीचा तो कडवट-गोड वास हाताला लागला की साबणानंही जात नाही. आमच्याकडे द्राक्षं जपून, बोटांच्या टोकांनी हाताळतात. इथं माणसं संत्र्यांच्या ढिगावर सरळ बसतात, सोलतात, समोरच्याच्या हातात अर्धं ठेवतात आणि मग भाव बोलतात. बळीरामजींनी मला लांबूनच ओळखलं आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पंपवाले साहेब म्हातारे होऊन परत आले.

त्यांच्या घरी पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा झाला. ताटात रस्सा संपू देत नाहीत. नको म्हणून हात आडवा धरला, तर हातावर ओततील. जेवण झाल्यावर बागेत जायचं ठरलं. अंगणात त्यांची जुनी मोटारसायकल उभी होती. तिचा कॉक खोलताच खालून धार लागली. बळीरामजी म्हणाले की बरेच दिवस हात लावला नाही की ही गाडी माहेरी गेलेल्या बायकोसारखी रुसते. मग गावातल्या मिस्त्रीला बोलावणं गेलं.

मिस्त्री पंचविशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्यानं कार्बोरेटर उघडला, पितळी डबी काढली आणि कानाशी धरून हलवली. मलाही ऐकवली. आत पेट्रोल डुबुक डुबुक वाजत होतं. त्यानं आपल्या पिशवीतली दुसरी डबी घातली. कॉक मात्र सोडवून माझ्या हातात दिला. त्याचं बूच आतून भुगा झालं होतं. असलं बूच काटोलात मिळत नाही, इतवारीत कोणीतरी भरून देईल, असं त्याचं म्हणणं पडलं. साहेब तसेही नागपूरला चाललेत, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवतील, असं बळीरामजींनी परस्पर ठरवून टाकलं.

हे बोलताना ते बिडी ओढत होते. मिस्त्रीनं वर न पाहताच म्हटलं, "बापू, आधी बिडी इझवा. दशरथी करू नोका."

मी विचारलं, दशरथी म्हणजे काय?

"नागपूरले होता म्हनते एक दशरथ मिस्त्री," तो म्हणाला. "पेट्रोल सांडलं हाये का नाही, कोनाले इचारलं नाही, लावली बत्ती. आमचा उस्ताद सांगे. कोनी न इचारता काही केलं का आमी म्हनतो, दशरथी केली."

बळीरामजी म्हणाले, "दारू पेला असन."

"पेला नसन. घाई झाली असन. पन इचाराले काय जाते गा?"

दोघंही हसले. हा मिस्त्री त्या वेळी शाळेतही गेला नसेल. त्यानं दशरथभाऊंना कधी पाहिलेलं नाही. माझं खोटं व्हरांड्यातून निघून, एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे, काटोलच्या अंगणापर्यंत पोहोचलं होतं आणि त्याचा शब्द झाला होता. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एका म्हाताऱ्याशी खोटं बोललो आणि ते तिथंच संपलं.

त्या वेळीच मी बोलायला हवं होतं. समोर दोन माणसं होती, चांगली माणसं. मी कॉक खिशात टाकला. बागेत गेलो, झाडांखालून फिरलो, बळीरामजींनी सोलून दिलेलं संत्रं खाल्लं. ते गोड होतं. परतीच्या एसटीत तो कॉक खिशात मांडीला टोचत राहिला.

इतवारी

इतवारीत सकाळी पायीच जावं लागतं. धान्याची पोती वाहणाऱ्या हातगाड्या एकमेकींत अडकलेल्या, टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमलेला, आणि भांड्यांच्या गल्लीत पितळेवर हातोड्यांचा असा ठणठणाट की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आमच्याकडे पेठेत दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहतो. इथं तो हात धरून आत बसवतो. जुनं दुकान ज्या जागी होतं तिथं आता साड्यांचे गठ्ठे बांधणारे बसतात. दशरथ मिस्त्री विचारल्यावर त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

गल्लीत काही घरांतून अजून मागाचा खटखट आवाज येतो, पण पूर्वीसारखा सलग नाही. दशरथभाऊंच्या घरात माग नव्हता. जिथं वडील पाय सोडून बसत तो मागाचा खड्डा मातीनं भरून काढलेला, त्याचा चौकोन जमिनीवर दिसत होता. दारातच ते बसले होते. चेहऱ्याची एक बाजू ओढलेली, त्या बाजूचा डोळा मिटल्यासारखा. हातांची बोटं जुळून आकडे झालेली. समोर बायको बसली होती, सुमनवहिनी. कॉकचे आटे धाग्यानं बांधायचं काम चालू होतं. ते सांगत होते आणि त्या करत होत्या.

"अवं, साबन लाव आधी. कोरडा धागा नोको गुंडाळू."

"मले नोका शिकवू. कॉक तुमचा असन, धागा माह्या बापाच्या घरचा हाये."

साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून साबण चोळलेला सुती धागा आट्यांवर गुंडाळून कॉक आवळला की गळती थांबते. सुमनवहिनींच्या बोटांखाली तो धागा असा बसत होता की एकावर एक पदर येत नव्हता. ओट्याशी आपली जुनी गाडी घेऊन एक दूधवाला थांबला होता. तो म्हणाला, "वहिनी, कसा बी गुंडाळा, पन आज बंद करा. दुधाले पेट्रोलचा वास येऊन राहिला. गिऱ्हाईक म्हनते, म्हशी पंपावर बांधता का?"

मी काटोलचा कॉक पुढे केला. दशरथभाऊंनी तो दोन्ही तळव्यांमध्ये धरून चांगल्या डोळ्याजवळ नेला. मला ओळखलं नाही. माझे केस गेले आहेत, चष्मा आला आहे. काम करून घ्यावं आणि जावं, हा विचार तिथंही माझ्या मनात आला. लपवत नाही.

दूधवाल्याच्या टाकीला कॉक बसवून झाला आणि पेट्रोल सोडायची वेळ आली. दशरथभाऊंनी बायकोला विचारलं, "चूल इझवली का?"

"इझवली."

"स्टो?"

"बंद हाये."

"पाहून सांगतं का अशीच?"

"पाहून सांगून राहिली." तरी त्या उठल्या, आत जाऊन पाहून आल्या. त्यांच्या चालण्यात राग नव्हता. हे रोजचंच होतं.

दूधवाला मला डोळा मारून म्हणाला, की भाऊ आता दिवाळीची पणतीही दहादा विचारल्याशिवाय लावू देत नाहीत. सुमनवहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या मला म्हणाल्या की हे दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून सासरे रोज एकच सांगत, इचारत जा बापू. ओरडत नसत. मागावर बसल्या बसल्या, धोटा थांबवून सांगत. शेवटच्या दुखण्यातही तेच सांगितलं.

मी दशरथभाऊंना विचारलं, "तुम्ही त्या वेळी खरंच विचारलं नव्हतं का?"

ते हसले. ओढलेल्या गालामुळे ते हसणं अर्धंच उमटलं. "पयले मी भांडो बाबाशी," ते म्हणाले. "म्हनो, इचारलं होतं. बाबा म्हने, तो साहेब कायले खोटं बोलन, त्याले काय गरज? बाबा कधी खोटं नाही बोलला, त्याले दुसऱ्याचंही खरंच वाटे. मंग मलेच वाटाले लागलं, का नसन इचारलं. आता तं खाली हाये म्हननारा तो आवाजही आठवत नाही."

"तो आवाज माझा होता," मी म्हणालो.

सुमनवहिनींच्या हातातला धागा थांबला. मी सांगायला लागलो. आमच्याकडे खाली म्हणजे काय, मी टाकी कुठं ठेवली होती, ते काय म्हणाले आणि मी काय समजलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी शब्दाच्या आडोशाला उभा राहून बोलतो आहे. ते दशरथभाऊंच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे झालं बत्ती लावाच्या आधीचं. बाबानं इचारलं, तवा तं तुमाले समजलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "तेव्हा समजलं होतं."

त्यांनी त्या मातीनं भरलेल्या चौकोनाकडे पाहिलं. सुमनवहिनी पदरानं हात पुसत होत्या. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसतच होत्या.

"म्हंजे मी इचारलं होतं," दशरथभाऊ हळूच म्हणाले. मग बायकोला, "आयकलं का वं? मी इचारलं होतं."

"आयकलं."

"बाबाले..." एवढं म्हणून ते थांबले.

मी हात जोडणार, तोच त्यांनी आपला आकड्यासारखा हात वर करून मला अडवलं. "मले एकट्याले नोका सांगू, साहेब. उद्या मी कोनाले सांगितलं, तं लोक म्हनतीन, यानं सोताच्या मनानं जोडलं. तुमी ओट्यावर जा. सगळ्याईले आयकू जाईन असं सांगा."

मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. दूधवाला गाडीवरून उतरला. समोरच्या घरातला विणकर माग थांबवून दारात आला, बाजूच्या बायाही आल्या. दशरथभाऊ उंबऱ्यापर्यंत सरकत आले आणि सुमनवहिनी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मग मी म्हणालो:

"त्या दिवशी दशरथभाऊंकडे मोटारसायकल घेऊन आलेला पंपवाला साहेब, तो मी. बत्ती लावण्याआधी दशरथभाऊंनी मला विचारलं होतं. टाकीत पेट्रोल होतं आणि मी खाली आहे असं उत्तर दिलं. त्यांच्या वडिलांनी मला दवाखान्यात विचारलं, तेव्हा खरं काय ते मला कळलं होतं, तरी यांनी विचारलंच नाही असं मी सांगितलं. यांनी दशरथी केली नाही. जे केलं ते मी केलं. दशरथभाऊ, वहिनी, मी तुमची माफी मागतो. बाबांचीही मागायची होती. त्यांच्यासमोर उभं राहायला मी फार उशीर केला."